पाटासकट चौकीवर

माझे वडील हरवले ते आपट्याच्या पानांपायी. या बेटावर उसाशिवाय काही उगवत नाही ही आईची कायमची तक्रार, आणि दसऱ्याला आपटा हवाच हा हट्टही तिचाच. मी तेव्हा आठ वर्षांची असेन. प्लेन दे पपाय गावाजवळच्या एका साखरमळ्यावर, मजुरांच्या झोपड्यांत आम्ही राहायचो.

त्या वर्षी दसरा रविवारी, सुटीच्या दिवशी आला. बाबांनी पाटावर कोयता आणि खुरपं मांडलं, हळदकुंकू वाहिलं. आईने त्यांच्या कमरेची पत्र्याची डबी सोडून तीही पाटावर ठेवली. डबीत त्यांचा मजुरीचा कागद असायचा. तो जवळ नसताना मळ्याबाहेर दिसलेल्या माणसाला शिपाई धरून नेत. पण ज्याच्यावर पोट चालतं त्याची पूजा करायची असते, त्यामुळे आईचंही चुकलं असं म्हणता येत नाही.

दुपारी कळलं, पलीकडच्या मळ्याच्या बांधावर आपट्यासारख्या जोडपानांचं एक झाड आहे. बाबा डबीकडे बघत घुटमळले.

"पूजेतली वस्तू उचलायची नाय," आई म्हणाली. "सणाच्या दिशी कोण इचारतंय?"

विचारलं. सोमवारी सकाळी शेजारचे काका कामावर जाता जाता सांगून गेले, बाबा सडकेवरच्या चौकीत कोंडलेत. दुपारपर्यंत कागद दाखवला नाही, तर गाडीत घालून पोर्ट लुईच्या तुरुंगात खडी फोडायला नेणार.

धाकटा भाऊ आईच्या मांडीवर तापाने फणफणत होता, तिला उठता येईना. मी डबीकडे हात नेला.

"थांब. अक्षता टाकून उत्तरपूजा झाल्याबिगर काय हलवायचं नाय. ज्यानं मांडली त्यानंच."

"ते तर कोठडीत हायत."

आई रडत होती आणि नियम काही सोडत नव्हती. मला तिचा असा संताप आला की मीही रडले. शेवटी म्हटलं, पाटावरचं काही हलवत नाही, अख्खा पाटच नेते. आईने नाक पुसलं, क्षणभर विचार केला आणि मला चुंबळ वळून दिली.

दोन्ही बाजूंना उंच ऊस, मधून मी, डोक्यावर कोयता, खुरपं, डबी, अक्षता, झेंडू आणि लिंबू. मागून काकांची शेळी. पाटावरून लोंबणारी माळ ती एकेक फूल करून खात होती, आणि मला मान वळवायची सोय नव्हती. तोंडाने मात्र तिच्या सात पिढ्यांचा उद्धार करत गेले.

चौकीतल्या शिपायाने आधी कोयता पाहिला आणि तो उभाच राहिला. "की सा सा?" हे काय आहे, असं तो क्रिओलमध्ये विचारत होता. मी पाट जमिनीवर टेकवला. त्याने डबीकडे हात नेताच मी त्याच्या मनगटावर चापट मारली. शिपायाला मारल्याबद्दल काय शिक्षा असते, ते मला सुदैवाने ठाऊक नव्हतं.

मी म्हणे, आधी बाबांना बाहेर काढ. तो म्हणे, आधी कागद. बाहेर गाडी येऊन थांबली. तेवढ्यात गजांआडून बाबा शांतपणे म्हणाले, "पाट हिकडं सरकव. आन त्याला सांग, हात धुवाया पाणी दे."

शिपायाने खरंच तांब्याभर पाणी आणून दिलं. बाबांनी हात धुतले, गजांतून हात काढून पाटावर अक्षता टाकल्या, आणि देवाला रीतसर निरोप दिला. मग डबी उचलून शिपायाच्या हातात ठेवली. कागदाला कुंकू लागलेलं होतं. शिपायाने तो उजेडात धरला, शर्टाला पुसला, पुन्हा धरला. मी त्याचे ओठ बघत होते. त्याने कुलूप काढलं.

बाबांनी खिशातून सुकलेली जोडपानं काढून त्याला सोनं म्हणून दिली. त्याने वास घेतला आणि ती उकळून प्यायची का, असं खुणेने विचारलं. गाडी रिकामी गेली.

पुढच्या दसऱ्याला आईने पाटावर कोयता मांडला, खुरपं मांडलं. डबी मात्र बाबांच्या कमरेलाच राहू दिली, त्यांना पाटाशेजारी उभं केलं आणि तिथेच वाकून डबीला हळदकुंकू लावलं. गुदगुल्या होतात म्हणून बाबा हसत होते. आई हसत नव्हती.