शेजारीणबाईंची वाटी

जगातले सगळे डॉक्टर एका बाजूला आणि बाबांच्या शेजारीणबाई दुसऱ्या बाजूला उभ्या केल्या, तर मी डोळे मिटून शेजारीणबाईंच्या मागे जाऊन उभा राहीन. आता बाईंना उभं राहायला वॉकर लागायचा आणि त्यांना ऐकू एकाच कानाने यायचं, तो कान कोणता हे त्यांच्या लहरीवर असायचं, हा भाग वेगळा. बेलापूरला ज्येष्ठांची देखभाल करणारं एक केंद्र आहे. तिथे नर्स आहे, वेळेवर जेवण आहे, मोठी लिफ्ट आहे, आणि बाबा त्याला 'हॉस्टेल' म्हणतात. आई गेली, पाठोपाठ बाबा बाथरूममध्ये घसरले, आणि दिवसभर ऑफिसात असणाऱ्या मला त्यांना तिथे ठेवावं लागलं. 'ठेवावं लागलं' असं मी लोकांना सांगतो. स्वतःला सांगताना अजून अडखळतो. शेजारच्या खोलीत या बाई होत्या. जवळच्याच दिवाळे गावच्या कोळीण. उभा जन्म डोक्यावर पाटी घेऊन मासळी विकलेली, त्यामुळे हळू आवाजात बोलणं हा आजार आहे अशी त्यांची ठाम समजूत. कोणी शांतपणे काही विचारलं की त्या उलट विचारत, "बरा नाय काय तुला?"

बाईंच्या वॉकरला एक कापडी पिशवी लटकलेली असे आणि पिशवीत नवऱ्याचं नाव टिंबाटिंबांनी कोरलेली एक स्टीलची वाटी. भाचीने आणलेली नारळाची वडी म्हणा, सुकटीची चटणी म्हणा, वाटीत घालून त्या कुठलंही दार ठोठावत आणि "घे" एवढंच म्हणत. घेणाऱ्याचा शाकाहार, मधुमेह, दुपारची झोप, कशालाच त्या जुमानत नसत. अट एकच, वाटी रिकामी परत द्यायची नाही. आता जिथे कोणाला स्वतःची चूलच नाही तिथे वाटीत घालायचं काय? एका निवृत्त मुख्याध्यापिकेने वळलेल्या वाती दिल्या. एका काकांनी अर्धं सोडवलेलं शब्दकोडं दिलं. बाईंनी ते तितक्याच मानाने पुढच्या दारी पोचवलं आणि चार खोल्या फिरून कोडं पुरं झालं, पण सात आडव्यावरून दोघांनी एकमेकांशी अबोला धरला. अबोला धरायला आधी बोलावं लागतं, एवढी प्रगती त्या मजल्याने एका आठवड्यात केली.

तिथल्या मॅनेजरबाई हेच काम शास्त्रशुद्ध पद्धतीने करत होत्या. दर मंगळवारी चार वाजता 'संवाद सत्र', भिंतीवर 'गप्पा मारा, निरोगी राहा' असा तक्ता, आणि गोल मांडलेल्या खुर्च्यांवर पेंगणारी मंडळी. बाई एकदाच गेल्या. "आजी, तुमची भावना शेअर करा," असं मॅडम म्हणाल्यावर बाईंनी क्षणभर विचार केला आणि "भूक लागली" ही भावना शेअर केली.

बाबा मात्र ना सत्राला जात, ना व्हरांड्यात. जेवण खोलीत, बोलणं 'हं' एवढंच. डॉक्टरांनी मला बाजूला घेऊन सांगितलं होतं, "असेच पडून राहिले तर कायमचे अंथरुणाला खिळतील. त्यांना माणसांत आणा. गोळी मी देईन, माणसं कुठून देऊ?" मीच रविवारी एक तास येणारा माणूस.

एके दिवशी वाटी बाबांच्या दारी आली. बाबांनी वडी खाल्ली, वाटी घासली, पुसली आणि तिथल्या कामवाल्या मावशींच्या हाती परत पाठवली. रिकामी. दुसऱ्या मिनिटाला सगळ्या मजल्याने ऐकलं, "मास्तर, रिकामी वाटी देतान का कुनी? तुमचे घरान शिकवला नाय का?" बाबा मास्तर नव्हते, ड्राफ्ट्समन होते; पण चष्मा लावणारा प्रत्येक पुरुष बाईंच्या लेखी मास्तर. वाटी बाबांच्या टेबलावर आपटून त्या निघून गेल्या. आणि घरात शिकवलेलं होतंच. आई शेजारची वाटी कधी रिकामी जाऊ देत नसे. काही नसलं तर चिमूटभर साखर घाली.

त्या संध्याकाळी आठ महिन्यांत पहिल्यांदा बाबांनी आपणहून फोन केला. "येताना काहीतरी करून आण. वाटी द्यायचीय." मी पेढे आणतो म्हटलं, तर म्हणाले, "विकतचं नको. आई विकतचं द्यायची का?" मी शिरा केला, तोही जन्मात पहिल्यांदा. बाबांनी वाटी भरली, पिशवीत घालून बाईंसारखीच आपल्या वॉकरला अडकवली आणि अकरा पावलं चालून शेजारचं दार गाठलं. बाईंनी शिरा चाखला. "भिंत बांदाला बरा हाय," म्हणाल्या आणि सगळा संपवला. महिन्याभरात बाबा लिफ्टपर्यंत जाऊ लागले. डॉक्टरांनी श्रेय नव्या टॉनिकला दिलं, मीही वाद घातला नाही.

मग बाई पडल्या. खुब्याचं हाड मोडलं, आणि इस्पितळातून मुलगा त्यांना बंदराजवळ द्रोणागिरीला आपल्या नव्या फ्लॅटवर घेऊन गेला. वाटी तेव्हा बाबांकडे होती. जो माणूस आधी दाराबाहेर पडत नव्हता त्याने मला रविवारी शिरा करायला लावून गाडी काढायला लावली.

आठव्या मजल्यावर, खिडकीतून कंटेनरच कंटेनर दिसत होते, आणि बाई पलंगावर. मुलगा-सून भली माणसं, पण दोघंही दिवसभर कामावर. बाई बोलल्या ते इतकं हळू की मला पुढे वाकावं लागलं. बाबांनी मात्र मोठ्याने विचारलं, "बरं नाही का तुम्हाला?"

"सगला हाय घरान," बाई म्हणाल्या. "वाटी द्याला मानूस नाय."

शिरा खाऊन झाल्यावर सून वाटी धुऊन फळीवर ठेवायला निघाली. तेव्हा तो जुना आवाज एकदाचा निघाला. "वर नको ठेवू. मास्तरला भरून द्याची हाय. आज काय नाय घरान. पुडचे रव्वारी या, मास्तर." आणि वाटी त्यांनी उशीखाली सरकवली.

तेव्हापासून आमचा रविवार द्रोणागिरीला जातो. दर खेपेला बाई उशीखाली हात घालून वाटी चाचपतात आणि म्हणतात, आज काय नाय घरान, पुडचे रव्वारी. बाबा मान डोलावतात. टेबलावरचा केळ्यांचा घड आणि लाडवांचा डबा मला दारातूनच दिसतो. बाबांना दिसत नाही. त्यांची मोतीबिंदूची दोन्ही ऑपरेशनं तशी उत्तम झाली आहेत.