लंबगोल पंख

एका म्हाताऱ्या सुताराची नोकरी गेली, त्याचा राग काढायचा तर सुरुवात माझ्यापासून करायला हवी. पण मालकावर आधी काढतो, तशी सवयच लागली आहे.

एकोणीसशे पन्नासनंतरची गोष्ट. ठाण्यात मालकांची लाकूडकामाची शेड होती. एका क्लबने त्यांना ग्लायडर, म्हणजे बिनइंजिनाचं विमान, बांधायला दिलं. मी नकाशे काढणारा, नुकताच शिकून आलेला. पंख मी लंबगोल काढला. अशा पंखाला हवा सर्वांत कमी अडवते, हे पुस्तकात वाचलेलं.

डोंबिवलीहून येणाऱ्या म्हाताऱ्या मिस्त्रींनी शेडच्या जमिनीवर खडूने तो आतल्या लाकडी फासळ्यांसकट पूर्ण मापात काढला, भोवती फेरी मारली आणि म्हणाले, "साहेब, यात एक फासळी दुसरीसारखी नाय. जेवढ्या फासळ्या तेवढे फर्मे, तेवढे साचे. आनि प्लायवूड एका अंगाला वळतं, दोन अंगांना वळवलं की फाटनार." मग शेजारी दुसरा पंख काढला. मधला भाग सरळ, टोकं तेवढी निमुळती. "मधल्या सगळ्या एकाच फर्म्यावर निघतील. तुमचं हवेत थोडं जाईल, माझं कामात फार वाचेल."

"हवेतलं तुम्हाला काय कळतं, मिस्त्री?" मी म्हणालो. आजही हे आठवलं की स्वतःच्या थोबाडीत मारावीशी वाटते. मालकांनी माझाच पंख घेतला, कारण तो कागदावर देखणा दिसत होता.

प्लायवूड फाटलं. पुन्हा वळवलं, पुन्हा फाटलं. दसऱ्याला क्लबची माणसं बघायला येणार आणि पंख अर्धा उघडाच. खंडेनवमीला मालक गरजले, आज काम झालंच पाहिजे. मिस्त्रींनी रंधे, पटाशा पाटावर मांडून झेंडू वाहिला होता. त्या दिवशी हत्यार उचलत नाहीत, हे मालकांना ठाऊक नव्हतं थोडंच! दरवर्षी प्रसाद खायचे.

"आज नाय," एवढंच मिस्त्री म्हणाले. मालकांनी त्यांना कामचुकार म्हटलं, सगळा उशीर त्यांच्या माथी मारला आणि कायमचं घरी बसवलं. त्या वयात त्यांना दुसरं कोण ठेवणार होतं? उशीर माझ्या नकाशाने केला होता. मी टेबलाशी पेन्सिलीला टोक काढत राहिलो.

दिवाळीनंतर मालकांनी पंख सोपा करायला सांगितलं. मी मधला भाग सरळ काढला, टोकं निमुळती. फासळ्या भराभर निघाल्या, ग्लायडर छान उडालं. पंखाची कल्पना कोणाची, असं क्लबच्या माणसांनी विचारलं. मालकांनी माझ्या खांद्यावर हात ठेवला, आणि मी म्हणालो, "थँक्यू, सर."