मागच्या खोलीतला डायनामो

आठवीला माझी मामेबहीण कापडे गावाहून महाडला आमच्याकडे शिकायला आली. लहानपणी आलेल्या तापात तिचा डावा पाय बारीक झाला होता. तरी ती माझ्या वडिलांची सायकल चालवायची. उजवा पाय जुन्या ट्यूबच्या पट्टीने पॅडलला बांधायचा आणि डावा नुसता दांड्याला टेकवून ठेवायचा. मी भाड्याची सायकल दोन्ही पायांनी हाणायची, पण चढावरसुद्धा ती माझ्या फारशी मागे पडत नसे. मला ते कोडंच होतं. एक पाय म्हणजे निम्मी ताकद, मग ही निम्म्यात का राहत नाही?

एका दुपारी वडील कंपनीच्या बसने एमआयडीसीत पाळीवर गेले होते. आम्ही सायकल मागच्या अंधाऱ्या खोलीत नेऊन स्टँडवर चढवली, डायनामो मागच्या चाकाला टेकवला आणि दार लावून घेतलं. जितका जोर लावू तितका दिवा उजळणार होता.

आधी मी दोन्ही पायांनी जीव खाऊन मारलं. समोरच्या कॅलेंडरवरच्या तिथीसुद्धा वाचता आल्या. मग तिने माझा उजवा पाय पट्टीने बांधला. पाय खाली गेला की उजेड, वर आला की अंधार.

"नुसता दाबू नको गो, वर पण ओढ," ती म्हणाली.

ओढताना जांघेत कळ आली, पण दिवा स्थिरावला. तिथी दिसल्या नाहीत, तारखा मात्र स्वच्छ दिसल्या. उजेड निम्म्याहून नक्की जास्त होता. मग ती बसली. तिच्या एका पायाने तर माझ्या एका पायापेक्षा जास्त पडला.

"मग दोन पायांनी दुप्पट का होत नाही?" मी विचारलं.

"दम एकच हाय ना. तोच दोघांना वाटून जात असंल."

मला ते पुरतं पटलं नाही. मी अजून विचारच करत होते, तेवढ्यात तिने स्वतःच्या उजव्या पायाची पट्टी सोडली.

"आता ह्याला बांध," ती डाव्या पायाकडे बघत म्हणाली.

मी बांधला. बराच वेळ पॅडल अर्ध्यातच अडकत राहिलं. मग एक फेरा पूर्ण झाला, त्याच्यामागे दुसरा. बल्बमधली तार लाल झाली, कॅलेंडरपर्यंत उजेड पोचला नाही.

"हाय गो," ती म्हणाली. "थोडा हाय."

घामाघूम झाली तरी ती थांबेना. वडिलांनी पाळीवरून येऊन दार उघडलं तेव्हाही तिचं चालूच होतं. आम्ही काय करतोय ते सांगितल्यावर त्यांनी दार परत लावलं, दिव्यापुढे उकिडवे बसले आणि म्हणाले, "मार बघू परत."

त्यांनीच डाव्या पायासाठी वेगळी पट्टी कापून दिली. दुसऱ्या दिवशी ती दोन्ही पाय बांधून रस्त्यावर निघाली आणि कोपऱ्यावर आडवी झाली, कारण थांबताना एकही पाय सुटेना. गुडघा सोलला. पट्टी किती सैल ठेवायची, हे शोधण्यात आमचा पुढचा सगळा आठवडा गेला.