मानमोडी आणि मावशी

कोंबड्यांच्या तब्येतीसाठी सख्ख्या माणसाला दारात अडवणारी बाई अख्ख्या नाशकात एकच असेल, आणि बी.एस्सी. होईपर्यंत तिच्याच घरी खोली मिळाली हे माझं भाग्य. गंगापूर रोडच्या पुढे तेव्हा फुलांचे मळे होते. मळ्यातल्या घरी या घरमालकीण मावशींच्या वीस कोंबड्या होत्या. पायांवरून रोग आत येऊ नये म्हणून फाटकात चुन्याचा जाड पट्टा होता आणि तो तुडवल्याशिवाय पोस्टमनलाही आत प्रवेश नव्हता. मावशींच्या मुलीला बघायला पाहुणे आले, तेव्हा नवरदेवाला नाव विचारायच्या आधी त्यांनी विचारलं, “तुमच्याकडं कोंबड्या बऱ्या हायत ना?” मंडळी पांढऱ्या पावलांनी सतरंजीवर येऊन बसली. लग्न तरीही जमलं. लस टोचायचं काम माझ्याकडे. “सायन्सवाला हायस ना, मग धर!” मला कोंबडी धरता येत नसे, मावशी धरत, मी टोचत असे, आणि कोंबडी नि मावशी दोघी मिळून मला ओरबाडत.

एकदा त्यांची थोरली बहीण, आक्का, पिंपळगावाकडून पाटीत पाच कोंबड्या घेऊन आली. गावात मानमोडी आली होती. माना वाकड्या करून कोंबड्या पटापट मरत होत्या, म्हणून तिनं धडधाकट वाटणाऱ्या पाच कोंबड्या रिवाजाप्रमाणे नातेवाइकाकडे हलवल्या.

“आक्का, तू ये. त्या नको.”

“माझ्या कोंबड्यांना दार बंद? मग मलाबी बंदच!” आक्का पाटी उचलून वळलीच.

मावशी धावल्या. पाटी घेऊन त्या तडक मळ्याच्या पार टोकाच्या झोपडीत गेल्या आणि आक्कासोबत तिथंच राहिल्या. “माझ्या अंगावरून रोग घरी जायचा. पंधरा दिवस मी इथंच. माझ्या वीस तुझ्यावर, सायन्सवाल्या!” मी बांधावर डबा ठेवायचा, त्यांनी लांबून हुकूम सोडायचे.

आठवड्यात आक्काच्या पाचही गेल्या. मावशींनी खोल खड्ड्यात पुरल्या. आक्का दिवसभर खड्ड्यापाशी बसून राहिली. दुसऱ्या दिवशी बांधापर्यंत दोघींचं भांडण ऐकू आलं, तिसऱ्या दिवशी हसणं. लग्नानंतर दोघी एवढे दिवस कधी एकत्र राहिल्याच नव्हत्या.

घरच्या वीसही ठणठणीत राहिल्या. सोळाव्या दिवशी मी सांगायला गेलो. आक्का मावशींची वेणी घालत होती.

“पंधरा झाले, मावशी.”

“तू मोजायला चुकला असशील. अजून दोन दिस हायत.”

घराण्यातला पहिला पदवीधर होऊ घातलेला मी. खाली बघून म्हणालो, “हो मावशी, चुकलंच माझं.”