नवऱ्याचं स्वतंत्र मत

बाईंना कोणी अभ्यासाचा विषय विचारला, की त्या आधी समोरच्याकडे किती वेळ आहे याचा अंदाज घेत. घाईत असेल तर म्हणत, "कारखाने." निवांत असेल तर सांगत, की कंपन्यांनी स्वस्त मजुरीच्या लोभाने कारखाने सातासमुद्रापार नेले, मग जहाजं अडकली, माल तुंबला, आणि आता तेच कारखाने तिथला गाशा गुंडाळून घराशेजारच्या देशांत येताहेत, याला नियरशोरिंग म्हणतात. पण बाईंचा अभ्यास त्या कारखान्यांचाही नव्हता. कारखान्यांवर विद्वान मंडळी काय लिहितात, वारं कधी फिरतं आणि वारं फिरलं की सगळे एकदम कसे पाठ फिरवतात, याचा तो अभ्यास होता. इथपर्यंत शांतपणे ऐकून घेणारा माणूस त्यांना आयुष्यात एकच भेटला, आणि त्याच्याशी त्यांचं लग्न झालेलं होतं.

नवऱ्याचं चष्म्याचं दुकान होतं. खाली दुकान, वर घर. माणूस असा, की भाजी कोणती करू विचारलं तरी म्हणणार, "तू म्हणशील तसं." असा नवरा मिळायला नशीब लागतं, असं शेजारणी म्हणत. बाईंनाही ते पटत असे, कारण संसार त्यामुळे बिनआवाजी चालला होता.

बाई तीन कॉलेजांत तासांवर शिकवत. एका कॉलेजातून दुसऱ्यात पळता पळता चपला झिजल्या, केस पिकले, पण कायमची नोकरी काही मिळाली नाही. आणि आता एकाएकी एक जागा निघाली होती. जागा होती लांबच्या गावात, अख्ख्या रात्रीच्या प्रवासावर. अट अशी, की मुलाखतीआधी एखाद्या नावाजलेल्या नियतकालिकात लेख मंजूर झालेला हवा. वयाची मर्यादा बाईंना जेमतेम एवढ्याच खेपेला आत घेत होती. "अर्ज करू ना?" त्यांनी जेवताना विचारलं. नवरा म्हणाला, "तू म्हणशील तसं," आणि त्याने आमटी वाढून घेतली.

आता इतरांच्या लिखाणाचा आढावा घेणाऱ्या अशा लेखाची एक रीत असते. ढीगभर निबंध जमवायचे, आणि त्यातला कोणता ठेवायचा, कोणता काढायचा, हे दोन माणसांनी एकमेकांना न विचारता ठरवायचं. मग दोघांच्या खुणा ताडून बघायच्या आणि किती जुळल्या ते लेखात छापायचं. जिथे जुळत नाही तिथे तिसऱ्याने निवाडा द्यायचा. तिसरे म्हणून बाईंचे जुने मार्गदर्शक सर तयार झाले. दुसऱ्याचीच पंचाईत होती. ढिगाचा आकार पाहून एका सहकारी बाईंची पाठ धरली, दुसऱ्या एका गृहस्थांनी फोन उचलणंच सोडलं. शेवटी बाईंनी नवऱ्याला विषय समजावून दिला, नियम सांगितले, आणि निबंधांच्या सारांशांचे कागद दुकानात नेऊन ठेवले.

नवऱ्याने कामाला नाही म्हटलं नाही. नाही म्हणणं त्याच्या स्वभावातच नव्हतं. गिऱ्हाइकाला जवळचा नंबर काढून दिला, की तो तपासायला यातलाच एखादा कागद तो त्याच्या हातात देई. एका आजोबांनी 'पुरवठा साखळीची लवचीकता' असा मथळा असलेला सारांश खालपर्यंत वाचला आणि म्हणाले, "दिसतंय अगदी लख्ख. कळत मात्र काही नाही." चष्मा त्यांनी घेतला.

आठवड्याभरात कागद परत आले. बाईंनी खुणा ताडल्या आणि त्यांचे डोळेच विस्फारले. सगळ्या जुळल्या होत्या. ठेवलेले तेच, काढलेले तेच. 'नियरशोर' या शब्दापायी शोधाच्या जाळ्यात चुकून आलेला किनाऱ्याजवळच्या मासळीवरचा निबंधही दोघांनी सारखाच बाहेर फेकला होता. बाई हरखून सरांकडे गेल्या. सरांनी आकडा पाहिला आणि चष्मा काढून ठेवला.

"बाई, दोन अभ्यासकांचं चहात साखर किती यावर एकमत होत नाही. हे छापलंत तर संपादक म्हणतील, एकाच माणसाने दोनदा खुणा केल्यात."

बाई तडक दुकानात आल्या. "खरं सांगा, तुम्ही हे वाचलंत का?"

"निबंधांची नावं वाचली," नवरा म्हणाला. त्याच्या चेहऱ्यावर चक्क फुशारकी होती. "नाव वाचायचं आणि तू काय म्हणशील ते बघायचं. बघ, एकदाही चुकलो नाही."

बाईंच्या अंगाचा तिळपापड झाला. "मला माझं मत दोनदा नको होतं हो. ते माझ्याकडे आहे. तुमचं मत हवं होतं."

"ते कुणाला लागतं?" तो सहज म्हणाला आणि चष्म्याची काच पुसू लागला.

त्याने टोमणा मारला असता तर बाईंनी तो परतवला असता. पण हा टोमणा नव्हता, आणि म्हणूनच तो लागला. बाई गिऱ्हाइकाच्या खुर्चीत बसल्या. मग त्यांनी कोरे कागद काढले. "पुन्हा करा. प्रत्येक सारांश वाचायचा आणि माझा विचारसुद्धा मनात आणायचा नाही."

पहिले दोन दिवस त्याला ते जमेना. तिसऱ्या दिवशी तोंड फुटलं आणि मग काही बंद होईना. अर्ध्याअधिक निबंधांत कारखाने हललेलेच नव्हते. कारखानदारांना फक्त विचारलं होतं, की हलवायचा विचार आहे का? नवऱ्याने ते सरसकट काढून टाकले. "विचार तर मीही करतो. वीस वर्षं दुकान हमरस्त्यावर न्यायचा विचार करतोय. माझ्यावर लिहितील का निबंध?"

"दुकान हलवायचंय तुम्हाला?" बाईंनी विचारलं. हे त्यांना माहीतच नव्हतं.

"विषय बदलू नकोस," तो म्हणाला.

बाईंनी ते निबंध ठेवले होते, आणि सरांनी त्या बाबतीत बाईंचं म्हणणं उचलून धरलं: विद्वान काय विचारतात, हाच तर आपला विषय. कारखान्यांचं नाव घेऊन शेवटी नुसती किमतींची गणितं मांडणारे निबंधही नवऱ्याने काढले होते, त्यांबाबत मात्र सरांनी नवऱ्याच्या बाजूने निकाल दिला. त्यानंतर तो आठवडाभर हवेत होता. त्याने लांबलचक वाक्यांचे निबंध केवळ रागाने काढले, ते पुन्हा आत घ्यावे लागले. आमटीत मीठ कमी आहे, असंही त्याने याच सुमारास प्रथम सांगितलं. सरांच्या नाकी नऊ आले, पण जुळणीचा आकडा माणसांत शोभेल इतका खाली आला. लेख गेला, दुरुस्त होऊन पुन्हा गेला, आणि मंजूर झाला. पाठोपाठ मुलाखत झाली आणि नेमणुकीचं पत्रही आलं.

पत्र हातात घेऊन बाई खाली दुकानात उतरल्या. "जाऊ ना?" हा प्रश्न त्यांनी आजवर शेकडो वेळा विचारला होता आणि उत्तर कधी ऐकलं नव्हतं. या वेळी त्या थांबल्या.

नवऱ्याने हातातला स्क्रूड्रायव्हर खाली ठेवला.

"मला वाटतं जाऊ नयेस. तू नसलीस तर वरच्या घरात मला करमायचं नाही. हे माझं मत."

बाईंनी पत्राची घडी घालायला घेतली.

"थांब, झालेलं नाही. आणि मला वाटतं तू जावंस. न गेलीस तर जन्मभर त्या तीन कॉलेजांत पळत राहशील, आणि ते मला बघवायचं नाही. हेही माझंच मत."

"दोन्ही कशी चालतील? कुठलं तरी एक धरा ना."

"चालतील. सरांना विचार हवं तर."

बाईंना रडू आलं. नवऱ्याने त्यावरही मतभेद नोंदवला. यात रडण्यासारखं काहीएक नाही, असं तो ठासून सांगू लागला. पण सांगता सांगता त्याचेच डोळे भरून आले, आणि चष्म्यांनी भरलेल्या त्या दुकानात दोघांनाही समोरचं काही धड दिसेना.