फुटबॉलच्या गोलात एक नारळ

आमचे हे असते तर चंद्रपूरचं हे क्रीडांगण मी कधीच पाहिलं नसतं. यांच्या आजोबा-वडलांनी तिथल्या तलावात मासे धरले. तो बुजवून वर मैदान केलं, तेव्हा तिथे पाय ठेवणार नाही अशी यांनी शपथ घेतली. ती पाळली. दुसरी कुठली पाळल्याचं आठवत नाही.

हंगामाचं पहिलं जाळं टाकण्याआधी तलावाच्या सगळ्यात खोल जागी नारळ द्यायचा, ही यांच्या घरची रीत. मैदान झालं आणि नारळ राहिला. शेवटच्या आजारात यांना तेवढंच खुपत होतं. हे जाऊन वर्ष होत आलं, म्हणून नारळ पिशवीत टाकला आणि आमच्या मूल गावाहून सकाळची एसटी धरली.

बायकांना अर्धं तिकीट आहे, निघा. रस्त्यात जंगल लागतं, पण वाघासाठी खिडकी अडवू नका, माकडंच दिसतात. स्टँडबाहेर तर्री-पोहे खा. तर्रीचा झणझणीत रस्सा बेतानं घ्या, मला बेत जमला नाही.

मैदान छान आहे, काय करणार! तलावाच्या जुन्या पाळीवर, म्हणजे बांधावर, फिरायची वाट केली आहे. तिथे पेन्शनवाले गोल गोल फिरत देश चालवतात. खाली पोलीस भरतीच्या मुली धावत होत्या. पाळ उतरताना मी सवयीनं चपला हातात घेतल्या. पाण्यात चपला घालून कोण उतरतं? चौकीदार खूश झाला. ट्रॅकवर चप्पल चालत नाही, हा नियम पाळणारी मी पहिलीच म्हणे.

मग त्याला नारळ दिसला आणि खुशी गेली. इथे फोडायला मनाई. मी सगळं सांगितलं आणि विचारलं, तलाव सगळ्यात खोल कुठे होता? त्याला ठाऊक नव्हतं, तो मैदान झाल्यावर आलेला. वर स्वतःचंच रडगाणं सुरू केलं.

"ते तिकडचं गोल दिसते का, बाई? दरसाल मुरूम टाकून राह्यलो, दरसाल खाली बसते. गोलकीपरचे पाय हिवाळ्यातही वल्ले."

मी इतकी हसले की धावणाऱ्या मुली थांबल्या.

"तिथीच फोडतो, भाऊ," मी म्हटलं.

"सायबानं पाह्यलं तं?"

"सांगजा, गोल बसत होतं, शांती केली."

हे त्याला पटलं. दगडही त्यानंच आणून दिला. नारळाचं पाणी गवतावर ओतलं, ते बघता बघता आत गेलं. खोबरं मुलींना वाटलं. एकीनं विचारलं, "आजी, भरतीत लागन ना मी?"

"आधी धाव," म्हटलं.

दिवेलागणीला घरी पोचले. यांचं जाळं खुंटीवर आहे. ते कोणाला तरी देऊन टाकायचं ठरवलं होतं, पण राहू दिलं. त्याच्यासमोर उभी राहून यांना सांगितलं, तलाव जिथल्या तिथे आहे. वरून लोक फुटबॉल खेळतात, एवढंच.