नोझलची टोपडी

मी हट्टी आहे हे आमच्या पेट्रोल पंपावर कुणालाही विचारा. अक्कलकोट रोडच्या एमआयडीसीत कामाला जाणाऱ्यांच्या गाड्यांत पेट्रोल भरता भरता मला नऊ वर्षं झाली. माझ्याच गल्लीतल्या एका पोरीला मीच या कामावर आणलं होतं. घर तिच्या कमाईवर चालायचं. पण पेट्रोलच्या वाफेनं तिचं डोकं ठणकायचं, मळमळायचं. शेवटी डॉक्टरांनी सांगितलं म्हणून तिनं काम सोडलं. मॅनेजरांना द्या म्हणून युनिफॉर्म माझ्या हातात देऊन गेली.

हे झालं नवी मशीन बसल्यावर, म्हणून मला जास्त राग आला. गाडीच्या टाकीत पेट्रोल पडलं की आतली वाफ वर येते आणि थेट भरणाऱ्याच्या नाकात जाते. या मशीनमध्ये वाफ ओढणारा एक छोटा पंप होता. नोझलच्या नळीभोवती बारीक भोकं होती. पेट्रोल खाली जात असताना पंप त्या भोकांतून वाफ ओढणार आणि पाइपाच्या आतल्या दुसऱ्या पाइपानं जमिनीखालच्या टाकीत परत पाठवणार. मशीन बसवताना मेकॅनिकनं हे समजावलं, तेव्हा आम्ही दोघी केवढ्या खूश झालो होतो. वास मात्र होता तसाच राहिला.

"पेट्रोल पंपावर काय अत्तराचा वास येणार आहे का?" मॅनेजर म्हणाले. मी रोज त्यांच्या दारात उभी राहायला लागले. कंटाळून त्यांनी मेकॅनिकला बोलावलं.

तो टेंभुर्णीकडचा. मीटर लावून म्हणाला, "मशीन ठणठणीत हाय की, ताई. तुमचं नाकच लई तिखट."

तो गेला आणि वास पुन्हा सुरू. मी त्याला परत बोलवायला लावलं आणि या खेपेला त्याच्या शेजारीच उभी राहिले. मीटर लावायच्या आधी त्यानं नोझलवरचं कापडी टोपडं काढून खिशात घातलं. तपासणी झाली, मशीन पास. मग टोपडं पुन्हा चढवलं.

ते टोपडं मी शिवलेलं होतं.

गाडीच्या रंगावर थेंब पडला की गिऱ्हाईक भांडतं. म्हणून यंत्रमागावर कामाला असलेल्या माझ्या नवऱ्याकडून टॉवेलचे तुकडे आणवून मी प्रत्येक नोझलला जाड टोपडं शिवलं होतं. सगळ्यांनी तोंडभर कौतुक केलं होतं. आतला पंप बिचारा ओढत होता आणि त्याची भोकं मीच बुजवून ठेवली होती.

पुढच्या गाडीत टोपड्याविना पेट्रोल भरलं. मुद्दाम तोंड खाली नेलं. वास होता, पण अगदी पुसट.

"रोग हितं व्हता व्हय," मेकॅनिक म्हणाला.

मी सगळी टोपडी उतरवली. गिऱ्हाइकं तक्रार करतील, असं मॅनेजर म्हणाले. करू देत म्हटलं, फडकं माझ्या खांद्यावर राहील आणि थेंब मी पुसेन.

मला लाज वाटत होती. मशीनला शिव्या घालणं सोपं होतं. तरी ड्यूटी सुटल्यावर टोपडी पिशवीत घालून तडक त्या पोरीच्या घरी गेले. ती विड्या वळत बसली होती. टोपडी तिच्यापुढं ठेवून सगळं सांगितलं.

"म्हंजी माजं डोकं तुमच्या शिवणीनं दुखत व्हतं?"

"व्हय. माज्याच. चुकलं माजं," मी म्हणाले. "चार दिस येऊन बघ. दुखलं तर मीच घरी आणून सोडते, परत नाव काढणार न्हाय."

तिनं एक टोपडं उचलून हुंगलं आणि नाक मुरडलं. मग मांडीवरचं तंबाखूचं सूप बाजूला सारलं.

"माजा युनिफॉर्म दिला असंल तुमी मॅनेजरला."

"न्हाय," मी म्हणाले. "माज्या कपाटात हाय. इस्त्री करून."